कंपन करणारा, कंपन सोसणारा

थांबा, मधी कुणी बोलायचं न्हाई. मधी बोललात की मी इसरतो, आणि इसरलो की पयल्यापासनं सांगाय लागतो, मग तुमीच म्हणताय की सुष्मिता लई लांबण लावती. तर, आमच्या घराची भिंत मी वाचवली. हसताय काय? खरंच वाचवली. आणि ज्या मिनिटाला वाचवली त्याच मिनिटाला आमच्या आप्पांची इज्जत सगळ्या गल्लीसमोर घालवली. दोन्ही कामं एकाच वाक्यात केली.

दोन हजार दोनचा एप्रिल सरत आलता. शिवाजी पेठेत आमच्या घराला लागून मोकळी जागा व्हती, ती उदयदादानं घेतली. उदयसिंह म्हणजे आमच्याच गल्लीतला, पेठेच्या टीमचा जुना गोलकीपर. गोलकीपर माणूस बिल्डर कसा झाला हे मला इचारू नका. त्याची ही पयलीच बिल्डिंग. वर तीन मजले, खाली पार्किंग, आणि पार्किंगसाठी बारा फूट खड्डा. खड्डा आमच्या भिंतीपासनं किती लांब? मी खिडकीतनं हात बाहेर काढला की बोटं खड्ड्यावर.

आमची भिंत चुन्यातली, आणि तिच्या कोपऱ्यात आधीच एक चीर. ती चीर माझ्यापेक्षा वयानं मोठी. लहानपणी मी तिच्यात खडूचे तुकडे कोंबून ठेवायचो. म्हणजे चीर घरातलीच, तिची कुणाला भीती न्हाई. पर खड्डा पडणार म्हटल्यावर आप्पा रोज सकाळी तिच्यासमोर उभं राहून तिच्याकडं असं बघाय लागले, जसं काय ती पळून जाणार हाय.

तर दादा काम चालू करायच्या आधी स्वतः घरी आला. संगं त्याची आई, झुंबरकाकू, आणि वारणानगरचा एक कोवळा इंजिनेर, मृत्युंजय नावाचा. दादा म्हणला, "आप्पा, आमच्या कामाचा तुमाला तरास हुणार. हुणार न्हाई म्हणणारा बिल्डर खोटं बोलतोय. तवा आधीच बसून ठरवूया."

मृत्युंजयनं पेपरात गुंडाळलेली एक काचेची पट्टी काढली. बोटाएवढी रुंद, पापडासारखी पातळ. ती त्यानं चिरेवर आडवी धरली, दोन्ही टोकं प्लास्टरनं भिंतीला चिकटवली, आणि खाली पेन्सिलीनं तारीख टाकली.

"चीर केसाएवढी जरी वाढली तरी ही काच तडकणार," तो म्हणला. "भिंत हलली की न्हाई ते आपल्याला कळत न्हाई. हिला कळतं."

"आणि तडकली तर?" आप्पा.

"तर काम बंद," दादा म्हणला. "आठ दिवस. इंजिनेर येऊन तपासणार, नवी काच लावणार, मगच मशीन हलणार. शब्द देतो."

आता आमचे आप्पा, महालिंग आप्पा, एका सरकारी हापिसात हेडक्लार्क. शब्द दिला म्हटलं की त्यांना कागद दिसतो. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी करारनामा लिवला, चांगला पाच पानांचा. त्यात दादाचं नाव कुठंच न्हवतं. दादा म्हणजे 'कंपन करणारा', आणि आप्पा म्हणजे 'कंपन सोसणारा'. "सदर कंपन करणाऱ्याने सदर कंपन सोसणाऱ्यास..." असं पाचही पानं. 'सोसणारा' लिवताना आप्पांची मान जी ताठ झाली, ती मी आजवर त्यांच्या प्रमोशनलाबी बघितली न्हवती.

आणि मला एक जाड वही दिली. कॉलेजला सुट्टी, पोरगी घरात बसलीया, मग तिनं कंपनाची नोंद ठेवायची. रकाने आखून दिले: वेळ, कंपनाचा प्रकार, भांड्यांवर झालेला परिणाम, शेरा. पयल्या दिवशी मी इतक्या हौसेनं लिवलं की काय सांगू. "सकाळी नऊ वीस. जेसीबी. मांडणीवरचा तांब्या हलला." "दहा पाच. ब्रेकर. तांब्या फिरला." "अकरा. तांब्या पडला. पाणी सांडले. शेरा: पुसले."

तिसऱ्या दिवशी आपली टीम मॅच जिंकली आणि गल्लीत फटाक्यांची माळ लागली, दहा हजाराची. घर नुसतं नाचलं. मी लिवलं: "सहा चाळीस. फटाके. सगळी भांडी." आप्पांनी वही तपासली आणि ती ओळ खोडली.

"का ओ आप्पा?"

"अगं, आपली टीम जिंकली. त्याला कंपन म्हणत्यात व्हय?"

मला त्या येळी ते पटलं. आता आठवलं की वाटतं, तितंच आमी समदे शहाणं व्हायला पायजे व्हतो.

आठवड्याभरात काच गल्लीत फेमस झाली. लोक पावण्यांना घेऊन यायचे. "हे बगा पावणं, ही काच. ही फुटली की जेसीबी बंद." पावणं चप्पल काढून आत यायचे, काचेकडं बघायचे, चीर किती जुनी इचारायचे, चहा प्यायचे आणि जायचे. आमचे शेजारी केरबातात्या, रिटायर गवंडी, त्यांनी तर रोजची हजेरीच लावली. त्यांचं म्हणणं, काचेबिचेचा काय उपयोग न्हाई, भिंतीला म्हस बांधा. "म्हशीला जमिनीतलं आधी कळतं. भूकंपाला माझी म्हस तीन मिनिटं आधी वरडली हुती." आप्पा म्हणले, "तात्या, करारात म्हस बसत न्हाई." तात्या म्हणले, "मग करार बारका हाय."

आणि पंधरवड्यानं, एका गुरवारी, दुपारी काच तडकली.

कोण वरडलं असंल? आप्पाच. हापिसातनं आले, बूट न काढता कोपऱ्यात गेले, आणि "सुष्मे! वही आण!" अशी हाक. आनंद झालता का दुःख, मला अजून सांगता येत न्हाई. दादाला निरोप गेला. दादानं लगीच मशीन बंद केलं. मृत्युंजय सायकल मारत आला, वाकून काच बघितली आणि शिंकाय लागला. सात, आठ, नऊ, थांबंचना. डोळ्यातनं पाणी. आव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, त्याला आल्याचा चहा दिला. "बिच्चारं पोरगं," ती म्हणली, "वारणेची थंड हवा सोडून आलंय, कोल्हापूरची धूळ सोसंना."

आठ दिवस काम बंद. नवी काच. मशीन चालू झालं, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी परत तडक! परत मृत्युंजय, परत अकरा शिंका, परत आल्याचा चहा. ह्या येळी आप्पा एका हापिसात अर्ज घेऊन गेले. तितला क्लार्क म्हणला, सोबत पुरावा जोडा. आप्पांनी फुटकी काच जोडली. तो म्हणला, काचेला टाचणी लागत न्हाई, आणि टाचणी न लागलेला कागद आवकला घेत न्हाई. आप्पा स्वतः हेडक्लार्क, नियम बरोबर व्हता हे त्यांना ठाऊक. काच परत पेपरात गुंडाळून घरी आणली.

आता इकडं काय झालं, मे संपत आला. मृत्युंजयनं तवा मला एकटीला सांगिटलं. मी काच बघत बसलतो, तो पट्टी लावत व्हता. म्हणला, "ताई, आप्पांना वाटतंय काम बंद म्हणजे घर सुरक्षित. उलट हाय. तुमच्या भिंतीच्या पलीकडची माती आमी काढलीया. तितं आमची काँक्रीटची भिंत उठली आणि मधली फट भरली, की तुमच्या भिंतीला परत आधार. ते सात जूनच्या आत व्हायला पायजे. एकदा पाऊस लागला आणि खड्डा उघडा राहिला, तर पाणी खड्ड्यात, आणि पाण्याच्या मागनं तुमची भिंत. आता आठ दिवसाची आणखी एकबी सुट्टी परवडत न्हाई. तिसरी काच फुटली की खेळ खलास."

मी आप्पांना सांगिटलं. आप्पा म्हणले, "ही धमकी हाय. नोंद घे."

तर सोमवार आला. सोमवार म्हणजे सुट्टी, साईट बंद, खड्ड्यात चिटपाखरू न्हाई. आप्पा हापिसात. मी काचेसमोर वही घेऊन पडलेलो, कारण काच एकटी सोडायची न्हाई असा घरचा नियम झालता. आणि शेजारी आव्वा आणि झुंबरकाकू चटणी कांडत व्हत्या.

हां. चटणी. हे मी तुमाला सांगिटलंच न्हाई न्हवं? बघा, वहीतबी न्हाई लिवलं. आमच्या घरात वर्षाची चटणी घरातच कांडत्यात. डंकावर, म्हणजे गिरणीतल्या यंत्रावर, कुटलेली चटणी आव्वा तोंडात घेत न्हाई. "तिला मिरचीचा वास न्हाई, पट्ट्याचा वास येतो," म्हणती. उखळ दगडाचं, जमिनीत पुरलेलं, त्याच भिंतीच्या बुडाला. आणि दर मे महिन्यात उदयदादाची आई आमच्याकडं येती, दोघी समोरासमोर बसून दोन मुसळं, एकीचं वर गेलं की दुसरीचं खाली. बारा किलो मिरची, दोन घरांची. ह्या वर्षी आव्वानं त्यात एक सोय बघितलीती. दादाचं मशीन चालू असलं की ती कांडायला बसायची. "आधीच आवाज चाललाय, त्यात आपला कुणाला ऐकू जातोय. शेजाऱ्यांना तरास नगं." इतकी भली बाई. फक्त त्या सोमवारी ढग भरून आले, भाजलेली मिरची मऊ पडंल म्हणून मशीनची वाट न बघता बसल्या.

धप्, धप्. धप्, धप्. मी काचेकडं बघतोय. झुंबरकाकूंनी पदर खोचला आणि एक घातला जोरात. टिक्.

माझ्या डोळ्यासमोर काच तडकली. मधोमध, एक बारीक रेघ. त्या दोघींना ऐकूच आलं न्हाई, त्यांचं आपापल्या जावांच्या नावानं खडे फोडणं चाललंतं. मी वही उघडली. वेळ: चार दहा. कंपनाचा प्रकार: आणि तितं पेन थांबलं. काय लिवणार? एक महिना तांब्या हलला तरी लिवत व्हतो, आणि घरात रोज दुपारी बारा किलोचा दणका चाललाय, तो मला एकदाबी ऐकू आला न्हवता. ते कंपन न्हवतंच की. ती चटणी व्हती. आणि त्या पोराच्या शिंका! दोनदा चहा पाजला आमी त्याला, पर एकाच्याबी डोक्यात आलं न्हाई की मिरचीच्या खाटानं, त्या नाकात झोंबणाऱ्या वासानं, मेलं ते.

मी वही मिटली आणि गप बसलो. का गप बसलो? भ्यालो. खरं सांगतो, आव्वाच्या मुसळाला न्हाई, आप्पांच्या पाच पानांना भ्यालो.

संध्याकाळी आप्पा आले, काच बघितली, आणि त्यांचा चेहरा असा उजळला! "सोमवारी! मशीन बंद असताना! म्हणजे आतल्या आत जमीन सरकाय लागली!" रातभर लिवत बसले. सकाळी आमच्या दारात सभाच भरली. दादा, मृत्युंजय, केरबातात्या, झुंबरकाकू, गल्लीतली धा-बारा माणसं. आप्पांनी वाचून दाखवलं: कंपन करणाऱ्याने दिवाळीपर्यंत काम पूर्ण बंद ठेवावे.

दादाचं तोंड एवढंसं झालं. तरी म्हणला, "आप्पा, मी शब्द दिलाय. तुमी म्हणताय तर बंद." पयलीच बिल्डिंग त्याची. तो खाली बघत व्हता, खड्ड्याकडं न्हाई, आपल्या बोटांकडं. मृत्युंजय काय तरी बोलाय गेला, आप्पांनी हात वर केला. केरबातात्या म्हणले, "म्हस बांधली असती तर..." आणि मी आभाळाकडं बघितलं. काळं.

"आप्पा," मी म्हटलं, "काच आव्वानं फोडलीया."

सगळी गल्ली आव्वाकडं वळली. आव्वाचा हात कपाळाला.

मग झुंबरकाकू बोलल्या, "एकट्या शिवलीलानंच न्हाई फोडली. शेवटचा दणका माझा व्हता."

दादानं आपल्या आईकडं असं बघितलं! स्वतःचं काम बंद पडलंय तीनदा, आणि पाडणारी घरचीच, रोज रातच्याला शेजारी बसून जेवाय वाढणारी.

आप्पा म्हणले, "हे शक्य न्हाई. तीस वर्षं हितं कांडप चाललंय. तीस वर्षांत भिंत हलली न्हाई."

मृत्युंजय आत गेला, नवी काच लावली, प्लास्टर वाळूस्तोवर सगळे उभे. मग म्हणला, "काकू, एक मारा." आव्वानं मुसळ असं टेकवलं, जसं काय बाळाला झोपवतीया. काच जशीच्या तशी. आप्पा म्हणले, "बघा!" मृत्युंजय म्हणला, "तसं न्हाई काकू. रोजच्यासारखं." झुंबरकाकूंनी पदर खोचला. चार मारले असतील. टिक्. आणि मृत्युंजय शिंकला.

"तीस वर्षं हलली न्हाई," तो नाक पुसत म्हणला, "कारण दणका जमिनीत जायचा. आता पलीकडची जमीन आमी खणून नेली. तवा तो भिंतीत जातोय. खड्डा नसता तर काच फुटली नसती. मुसळ नसतं तरी फुटली नसती."

"म्हणजे चूक कुणाची?" आप्पांनी इचारलं. आवाज लई बारीक.

"निम्मी-निम्मी," मृत्युंजय म्हणला.

आप्पांनी त्या दुपारी करारनामा परत लिवला. ह्या येळी एकच पान. मशीन सकाळी आठ ते बारा. कांडप पूर्ण बंद, फट भरेपर्यंत. खाली सह्या करायची येळ आली, आप्पांनी 'कंपन सोसणारा'च्या वर सही केली, पेन खाली ठेवलं, परत उचललं, आणि 'कंपन करणारा'च्या वरबी केली. दादाच्या सहीच्या शेजारी. मग दादानंबी 'सोसणारा'त केली. कुणी हसलं न्हाई. त्यानंतर आप्पा माझ्याशी तीन दिवस बोलले न्हाईत. वही मात्र तपासायचे. मी सोमवारच्या रकान्यात लिवलं व्हतं, "आव्वा व झुंबरकाकू." त्यांनी ते खोडलं न्हाई.

काँक्रीटची भिंत चार जूनला उठली. राहिली मधली फट. तिच्यात मुरूम टाकायचा आणि थरावर थर दाबायचा. मशीन आत जाईना, इतकी चिंचोळी. मग मृत्युंजयनं दोन माणसं आणली धुमुस घेऊन. धुमुस म्हणजे काय, लोखंडी बुडाचं जाड मुसळच की. आमच्या भिंतीला घासून. पयला दणका पडला, आणि आत घरात तांब्या हलला, आप्पा पळत काचेपाशी. पलीकडं आभाळ गुरगुरतंय, हिकडं काच. थांबावं तर पाणी येतंय, मारावं तर भिंत. मृत्युंजयच्या तोंडचं पाणी पळालं. दादा म्हणतोय हळू मारा, माणसं म्हणत्यात हळू मारून मुरूम बसत न्हाई.

आव्वा खिडकीत बसलीती. ती बघत व्हती बराच येळ, मग तिला राहवंना.

"अरं ए, तू असं काय मारतोस, साप मारल्यासारखं? ईतभर उचल. सोडू नगंस, धरून टेकव. हां. दणका नगं, दाब दे. एकाच्या जागी चार मार, पर बारकं मार. तू हिकडनं मारलंस की त्यानं तिकडनं. मधी येळ सोडू नका."

खालनं झुंबरकाकूंनी ताल धरला. हूं, हूं. हूं, हूं. दोघं माणसं आधी हसली, मग लाजली, मग त्या तालावर लागली. आव्वा खिडकीत, काकू फटीच्या तोंडाशी, आणि मधी दोन धुमुस, आणि आत आप्पा काचेला नाक लावून. चार तास. आव्वा पाणी प्यायलाबी उठली न्हाई. एक थर, दुसरा थर, मुरूम चढंल तशी माणसंबी वर वर आली. शेवटचा थर बसला तवा थेंब पडाय लागलेले.

काच अखंड.

मृत्युंजय आत आला, बोटानं काचेवरची धूळ पुसली आणि आव्वाच्या पाया पडला. दादानं तर केरबातात्यांना मिठी मारली, का ते त्यालाच ठाऊक.

आप्पा मात्र आव्वाकडं बघत राहिले. गेल्या आठ दिवसात पयल्यांदाच नीट बघत व्हते. मग हळूच म्हणले, "अगं, तुला एवढं अलगद मारायला येतं. मग चटणी अशी का कांडत न्हाईस? चार काचा वाचल्या असत्या की आमच्या."

"तसं कांडून मुरूम बसतो ओ," आव्वा म्हणली. "चटणी व्हत न्हाई. चटणीला राग लागतो."

"राग? कुणावरचा?"

आव्वानं झुंबरकाकूंकडं बघितलं, झुंबरकाकूंनी आव्वाकडं बघितलं, आणि दोघी अशा हसाय लागल्या, अशा हसाय लागल्या, की आप्पा काय न इचारता आत चहा टाकायला गेले.